अस्सल बरहुकूम

मेहबूबने लॅपटॉपचा पडदा पार मागे वळवला, काउंटरवर तो तंबूसारखा उभा केला आणि दोन्ही हात वर करून बाजूला झाला. पडद्यावरचं चित्र आधी आडवं झालं, मग उलटं झालं, मग सरळ होऊन गुमान उभं राहिलं.

“पाहा काका. कोलांटउड्या मारते, पण बंद पडत नाई.”

काउंटरच्या अलीकडे स्टुलावर शेषराव बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. तहसील कचेरीत साहेबांसमोर असंच बसायची सवय लागली होती, ती निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी सुटली नव्हती.

“घरी पडते,” ते म्हणाले.

“घरी काऊन पडते मंग? अठी दोन दिवस चालू ठेवलं म्या. वायफाय पाह्यलं, बॅटरी पाह्यली, सगळे अपडेट टाकले. यंत्राले काई झालं नाई.”

यंत्र नवंकोरं होतं. सुलतानपुरात असलं दुसरं नव्हतं, निदान मेहबूबच्या दुकानात तरी आलं नव्हतं. त्याचे वडील गुलाम रसूल याच जागेवर रेडिओ दुरुस्त करत, तेव्हापासून गावातलं बिघडलेलं सगळं इथेच येत असे. हे उघडलं तर लॅपटॉप, पडदा मागे दुमडला तर शाळेतली पाटी. शेषरावांचा मुलगा सहदेव याने ते मस्कतहून एका मित्राबरोबर धाडलं होतं. आईला जाऊन चार महिने झाले होते, बाबा एकटे होते, आणि साध्या फोनवर बाबांना धड ऐकू येत नव्हतं.

आल्यापासून यंत्राने शेषरावांना नाचवलं मात्र बरंच. पहिल्या दिवशी त्यांनी पडदा मागे दुमडून पाटी केली आणि खालच्या बाजूला गेलेली बटणं तासभर बडवली. एकही अक्षर उमटलं नाही. पाटी केली की बटणं झोपतात, हे मेहबूबने सांगितलं. मग पडदा उलटा झाला. पहिल्या शुक्रवारी मुलगा डोकं खाली, पाय वर असा दिसला, तर या यंत्राची रीतच अशी असेल असं समजून शेषराव मान तिरपी करून बोलत राहिले. मेहबूबने तेही बसवून दिलं. मग ते तापायला लागलं. त्याच्याखाली त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, विणलेला जाड रुमाल होता, त्याने खालची भोकं बुजली होती. रुमाल निघाला.

एवढं सगळं मार्गी लागलं, आणि एकच दुखणं उरलं. बोलता बोलता पडदा काळा व्हायचा.

“कधी कधी होते ते लिहून ठेवा,” असं मेहबूब पहिल्याच खेपेला म्हणाला होता. त्याने ते सहज म्हटलं होतं, पण तो बोलला होता मेहकर तहसिलीतल्या जुन्या नकलनविसाशी. शेषरावांनी आखीव कागद घेतला, रकाने पाडले. अनुक्रमांक, तारीख, वेळ, शेरा. चार नोंदी, चारही शुक्रवारच्या. शेरा चारही ठिकाणी एकच: ‘बोलता बोलता आपोआप बंद.’

अडुसष्ट साली ते नोकरीला लागले तेव्हा कचेरीत झेरॉक्स नव्हतं. लोक जुन्या कागदांच्या नकला मागायला येत आणि शेषराव त्या हाताने उतरवून देत. डावा पंजा कागदाच्या कोपऱ्यावर दाबलेला, उजव्या हातात टाक. मूळ कागदात जे असेल ते, जसं असेल तसं. मूळ लिहिणाऱ्याने चूक केली असेल तर चुकीसकट. खाली ‘अस्सल बरहुकूम’ असं लिहायचं आणि सही करायची. म्हणजे मुळात आहे तसंच इथे आहे, एक काना इकडचा तिकडे नाही. आपल्या हातून खाडाखोड झालीच, तर तिच्यावर पुन्हा सही. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द त्यांनी असे सांभाळून इकडून तिकडे नेले, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मेहबूबने कागद उचलून पुन्हा वाचला.

“काका, बंद पडते तवा काय बोलून राह्यले होते तुमी?”

“पोरगा बोलत होता.”

“काय?”

“घरचंच,” शेषराव म्हणाले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या जीपकडे पाहू लागले.

पहिल्या शुक्रवारी सहदेवने तब्येत विचारली होती, गाय विकली का ते विचारलं होतं. मग तो जरा थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, “बाबा, तानाबाई मावशीचा फोन आलता. आई आठ दिवस दवाखान्यात होती म्हने. तुमी मले दोन सांगतले होते.” नीट ऐकू यावं म्हणून शेषराव पुढे वाकले. “मावशी म्हने, आईनं मले बोलावलं होतं. खरं काय ते?” आणि पडदा काळा झाला.

शेषरावांना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. इतकं वाटलं, की त्यांनी त्या काळ्या काचेपुढे मनातल्या मनात हात जोडले. पुढच्या दोन शुक्रवारीही तेच. सहदेव आवाज खाली आणायचा, ते पुढे वाकायचे, यंत्र डोळे मिटायचं. चौथ्या शुक्रवारनंतर साध्या फोनवर मुलाचा निरोप आला. तो त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. ‘बाबा, मी विचारलं की तुम्ही बंद करता. बोलायचं नसेल तर राहू द्या. या शुक्रवारी एकदा लावतो. बंद झालं तर पुन्हा लावणार नाही.’

आज बुधवार होता.

“काका, एक काम करा,” मेहबूब म्हणाला. “इकडं या, माह्या खुर्चीवर. घरी जसे बसता तसेच बसा. मी सहदेवभाऊ हाय समजा.”

शेषराव काउंटरची फळी उचलून आत आले. खुर्चीत बसले. मेहबूबने यंत्र सरळ करून त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोर उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “बाबा, चहा झाला का?”

शेषराव ऐकायला पुढे वाकले. डावा पंजा आपसूक यंत्राच्या कोपऱ्यावर गेला आणि तिथे दाबून बसला, जसा सरकारी कागदावर बसत असे. पडदा काळा झाला.

“हात नका हलवू!”

मेहबूबने वाकून पाहिलं. मग काउंटरवरच्या वाटीतून एक बारीक स्क्रू उचलून त्यांच्या मनगटाजवळ नेला. स्क्रू त्याच्या चिमटीतून निसटून मनगटातल्या तांब्याच्या कड्याला चिकटला.

“हे कशाचं कडं आहे?”

“बीपीचं. चुंबकाचं.”

मेहबूब हसायला लागला, खूप दिवसांचं कोडं सुटल्यावर माणूस हसतो तसा. “या पडद्याच्या काठात चुंबक अस्ते काका. झाकन लावलं की ते या कोपऱ्याजवळ येते, मंग यंत्राले समजते, मालकानं मिटलं, आता झोपा. तुमचं कडं जवळ आलं की त्याले वाटते झाकनच लागलं. दुसरं काईच नाई. हे काढा, झालं काम.”

शेषरावांनी कड्यावर उजवा हात ठेवला, पण काढलं नाही. कमळजा देवीच्या जत्रेत पुष्पाबाईंनी ते घेतलं होतं आणि तिथेच गर्दीत उभ्या उभ्या त्यांच्या हातात चढवलं होतं. ‘काडान तं माह्याशी गाठ आहे,’ असं म्हणाल्या होत्या. त्याने बीपी कमी झालं नाही, पण ते आंघोळीलाही निघालं नव्हतं.

मेहबूब आता रंगात आला होता. खातरी करून घ्यावी म्हणून त्याने यंत्र चालू करून बरंच आत शिरून कुठलीशी यादी काढली. “कधी झोपलं, कधी उठलं, सगळं हे स्वतःच लिहून ठेवते. तुमच्यासारखंच आहे.” एका बोटाने कागद धरून तो पडद्याशी ताडत गेला. “पहिला शुक्रवार, नऊ वाजून बारा मिनिटं. झोपलं. बरोबर. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. चौथा…”

तो थांबला. पुन्हा वाचलं.

“चौथ्याले झोपलं नाई. बटन दाबून धरून बंद केलं.”

मेहबूबने शेषरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच नजर पडद्यावर नेली.

“लागते बोट कधी कधी,” तो म्हणाला. “धरता धरता लागून जाते.”

“बोट नाई लागलं.”

शेषरावांनी खिशातलं पेन काढलं. चौथ्या नोंदीच्या शेऱ्यावर एक सरळ रेघ मारली, मूळ अक्षरं वाचता येतील अशी. तिच्यावर लिहिलं, ‘मी स्वतः बंद केले.’ आणि रीतीप्रमाणे शेजारी सही केली. अडतीस वर्षांत जी खोटी नोंद त्यांनी कधी केली नव्हती, ती त्यांनी मुलाने धाडलेल्या यंत्राच्या कागदावर केली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला, यंत्र पिशवीत घातलं आणि ते घरी गेले.

शुक्रवारी सकाळी नऊच्या आत त्यांनी कडं काढलं. ते सहज निघालं नाही. मनगटाला साबण लावावा लागला. खाली कातडीचा फिका पट्टा निघाला. कडं त्यांनी खिडकीत, विणलेल्या रुमालावर, यंत्रापासून लांब ठेवलं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी सहदेव दिसला. तिकडे शुक्रवार सुटीचा असून दाढी केलेली. त्याने तब्येत विचारली नाही, गाईचं विचारलं नाही.

“बाबा, मी विचारू का?”

“मीच सांगतो. तू फक्त आयक.” शेषराव पुढे वाकले. डावा पंजा कोपऱ्यावर दाबून बसला. ते क्षणभर थांबले. पडदा उजळच होता.

“आठ दिवस होती. सहाव्या दिवशी म्हने, सहदेवले बोलवा. तुले नव्या जागेवर लागून महिना नव्हता झाला. डॉक्टर म्हने, सोमवारी घरी नेजा. मले वाटलं, कायले पोराले घाबरवा.”

“म्हनजे मले कळवलंच नाई.”

“नाई. आन तिले सांगतलं, कळवलं, निघाला तो.”

शेषरावांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“मंग ती विचारे, कुठंवर आला? मी म्हनो, मुंबईले उतरला. तासा-दोन तासानं पुन्हा विचारे. मी म्हनो, औरंगाबाद आलं. दोन दिवस तुले मी रस्त्यानंच आणत होतो. जालना सांगतलं तवा ती म्हने…” त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून आलेलं वाक्य होतं तसं उचललं. “‘त्याले म्हना, जालन्याले उतरून दोन घास खाऊन घे. घरी काई केलं नाई.’ मंग मी सिंदखेडराजा सांगतलं. गावाजवळचं बिबी सांगतलं. बिबीले तिनं हुंकार नाई देल्ला.”

पडद्यावरचं चित्र हललं. सहदेवचं तोंड गेलं, एक पांढरं छत दिसलं, त्यावर बंद असलेला पंखा. त्याने फोन उताणाच टाकला होता की काय, कळत नव्हतं. शेषरावांना वाटलं, आता संपलं. पोरगं आता बंद करणार, आणि त्याने केलं तर त्याचं चुकलं असं आपल्याला म्हणता यायचं नाही. ते छताकडे पाहत बसले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

छत तसंच होतं. मग त्याच्या आडून आवाज आला, पाच-सहा वर्षांचा असताना याच घरात यायचा तसला.

“बाबा, जालन्याले ती काय म्हने?”

“अं?”

“पुन्हा सांगा.”

शेषरावांनी पंजा कोपऱ्यावर जरा घट्ट दाबला आणि पुन्हा सांगितलं, एक काना इकडचा तिकडे न करता.