पटावरचं नाव

हजेरीपटावरची नावं एकेक करून वाचली जात होती. ज्याचं नाव येई तो टेबलाशी जाऊन कामगार विम्याच्या फॉर्मवर अंगठा उठवत होता. बाटल्यांच्या कारखान्यातले भट्टीवाले, हमाल, पॅकिंगच्या बाया, सगळे त्या सकाळी शेडमध्ये ओळीने उभे होते. शेवटचं नाव झालं, कारकून कमळाकर टिपणीसांनी पेनला टोपण लावलं, आणि मैना घरत आपल्या बाकावरून उठली. तिचं नाव आलं नव्हतं.

अकरा वर्षं मैना या बाकावर बसत होती. भट्टीतून आलेली बाटली गार झाली की तिच्या हातात येई. खिडकीच्या उजेडात ती एकदा फिरवायची आणि चीर असेल, बुडबुडा असेल, तर बाजूला टाकायची. दुसऱ्याला दोन वेळा बघावं लागे, तिला एकदा पुरे. लहानपणच्या तापात डावा पाय वाळून गेला होता. त्याची तिला सवय होती. घोर होता तो उजव्या पायाचा. दोघांचा भार वाहून त्याचा गुडघा दोन वर्षांपासून सुजू लागला होता. वडघरच्या घरून पनवेलला कारखान्यात चालत येताना आता ती तीनदा बसायची. गावातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला सांगितलं, तेव्हा तिने तो विषय तिथेच सोडून दिला होता. आता विम्याचं कार्ड मिळालं की दवाखाना, औषध, मुंबईचं इस्पितळ, सगळं त्यातच होणार, असं मुकादमाने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने टिपणीसांना गाठलं. ते आधी उद्या बघू म्हणाले, मग कागदपत्रं चाळत राहिले. ती हलेना, तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. ती कामाला लागली त्याच वर्षी तेव्हाच्या मॅनेजरने लंगडी बाई पटावर नको म्हणून बजावलं होतं. कुठे पडलीबिडली तर कारखान्याच्या डोक्याला ताप. टिपणीसांनी मधली वाट काढली. तिला बाहेरची रोजंदारी म्हणून वेगळ्या कागदावर लिहिलं. मैनाला वाचता येत नव्हतं. ती दर आठवड्याला त्या कागदावर अंगठा देत आली होती.

"तुमच्या भल्यासाठीच केलं, मैनाबाई," टिपणीस म्हणाले. "आज कोणी विचारत नाही म्हणून काम टिकलंय. पटावर नाव गेलं की नवे मॅनेजर पाय बघतील."

माणूस वाईट नव्हता. त्याने मध्ये पडून ही वाट काढली नसती तर ती अकरा वर्षं घरीच बसली असती, हे तिलाही कळत होतं. पण त्या दुपारी तिच्या हातून दोन चांगल्या बाटल्या बाजूला टाकल्या गेल्या. असं आजवर कधी झालं नव्हतं.

घरी भाऊ काशिरामने ऐकून घेतलं आणि काम सोड म्हणून सांगितलं. भात आपल्या शेतात होतो, एका बहिणीचं पोट जड नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात माया होती. मैनाने त्याला एवढंच सांगितलं की गुडघा गेला तर ती काम सोडेलच, पण गुडघा राहावा म्हणूनच तिला कार्ड हवं आहे.

गुरुवारी विम्याचे इन्स्पेक्टर येणार होते. मुकादमाने आदल्या दिवशी तिला गुरुवारी घरीच राहून आराम करायला सांगितलं. गुरुवारी ती नेहमीच्या वेळेआधीच येऊन बाकावर बसली.

इन्स्पेक्टर ठेंगणे होते, सर्दीने हैराण झालेले. मॅनेजर त्यांना भट्टी दाखवून शेडमध्ये घेऊन आले, तशी मैना काठी घेऊन उभी राहिली आणि माजं नाव राहिलंय, म्हणाली. मॅनेजर चटकन म्हणाले की ही कामगार नव्हे, बाहेरची आहे. इन्स्पेक्टरांनी नाक पुसलं आणि मैनालाच विचारू लागले. किती वर्षं येतेस, किती वाजता येतेस, काम कोण सांगतं, बाटल्या कुणाच्या. तिने सरळ उत्तरं दिली. ते लिहीत गेले. लिहिणं संपतंय असं दिसताच तिने लुगड्याचा काठ बोटभर वर केला.

"साहेब, माजा पाय असा हाय. तो पन लिवा. मागाहून कोनी बोलायला नको."

इन्स्पेक्टरांनी फॉर्म तिच्यासमोर धरला, जणू तिला वाचता येत होतं.

"बाई, यात पायाचा रकाना नाही. कामाचा आहे."

मॅनेजरांना ते पटलं नाही. अशी बाई कामाला लायक आहे हे कोणी ठरवायचं, असं त्यांनी विचारलं. मग टिपणीस कपाटाकडे गेले आणि परत आलेल्या मालाची फाईल काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, मैनाबाईंच्या बाकावरची एकही पेटी अकरा वर्षांत परत आलेली नाही."

मैनाने त्याच दिवशी अंगठा दिला.

कार्ड आलं, आणि महिनाभरात विम्याच्या डॉक्टरांनी तिला मुंबईला पाठवलं. तीन आठवडे ती इस्पितळात होती. गुडघ्यातलं पाणी काढलं, आणि डाव्या पायासाठी लोखंडी पट्ट्यांचा बूट बनवला. तो घालून ती उभी राहिली, तेव्हा कळायला लागल्यापासून पहिल्यांदा तिचे दोन्ही खांदे एका रेषेत आले. पण डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. गुडघा पहिल्यासारखा होणार नाही, वडघरची रोजची चाल कायमची बंद, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून मैनाने गाव सोडलं. कारखान्याजवळ एक खोली घेतली. काशिराम तिची ट्रंक आणि भांडी गाडीतून घेऊन आला. घराबाहेर राहणारी घरातली ती पहिली बाई. दाराची कडी सैल होती, ती त्याने दगडाने ठोकून घट्ट केली, दोनदा लावून पाहिली, आणि पाणीसुद्धा न पिता बैल जुंपले. गाडी वळणाआड होईपर्यंत मैना दारात उभी होती.

पुढच्या सोमवारी ती गुडघ्याचं औषध आणायला विम्याच्या दवाखान्यात गेली. ओळ पायरीपर्यंत आली होती. तिच्या पुढे भट्टीवरचा दयाराम होता, हाताला पोळल्याचं फडकं गुंडाळलेलं. खिडकीतून कंपाउंडरने तिला पाहिलं आणि हात करून पुढे बोलावलं. ओळीतल्या माणसांनीही बाजूला सरून वाट करून दिली.

"ऱ्हाऊ द्या," मैना म्हणाली. "माजा लंबर आल्यावर येतंय."

माणसं पुन्हा ओळीत आली. खिडकीशी एकाचं औषध झालं. दयाराम एक पाऊल पुढे सरकला, आणि त्याच्यामागे मैनाही सरकली.