बंद केलेल्यांची यादी

सोमवारी दुपारी ऐन रंगात आलेली मालिका थांबली आणि चारुशीलाच्या टीव्हीवर पाटी आली, ‘वाय-फायशी जोडणी होऊ शकली नाही.’

चारुशीला गडबडली नाही. साताऱ्याच्या टेलिफोन खात्यात तिनं बत्तीस वर्षं लोकांच्या बंद फोनच्या तक्रारी घेतल्या होत्या. दोष घरात आहे, खांबावर आहे की एक्स्चेंजमध्ये, हे ती चार प्रश्नांत ओळखायची. टीव्हीच्या मागं खोचलेल्या बोटभर स्टिकची तिला काय भीती! रिटायर झाल्यावर इंटरनेटवरच्या मालिका टीव्हीवर दिसाव्यात म्हणून ती स्टिक तिनं हौसेनं घेतली होती. दुपारचे दोन तास आणि एक तुर्की मालिका, एवढंच तिचं स्वतःचं असं होतं.

तिनं स्टिक काढून परत लावली. रिमोटनं एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. राउटर बंद करून चालू केला. पाटी तीच.

“बिघडलं असेल. राहू दे की,” नवरा पेपरातून म्हणाला. नारायणराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते.

“राहू दे काय? बघते ना मी.”

मंगळवारी तिनं पुण्याला मुलाला फोन लावला. घरचा राउटर अनीशनंच दिवाळीत बसवून दिला होता.

“आई, स्टिक जुनी झाली गं. आता ती नेट पकडणार नाही.”

“माझा मोबाईल पकडतोय की त्याच वाय-फायवर.”

“मोबाईलचं वेगळं असतं. तुला नाही ते कळायचं.”

हे वाक्य तिला झोंबलं. फोन ठेवल्यावरही ते कानातून जाईना. मग तिनं इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीनं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं.

“सात वेळा केलं.”

“मॅडम, घरात कुणी सर आहेत का? त्यांच्याशी बोलू का?”

चारुशीलानं फोन कट केला.

बुधवारी ती स्टुलावर चढली. राउटर दारावरच्या फळीवर होता, तो तिला टीव्हीजवळ आणायचा होता. गुडघा कुरकुरला, स्टूल डुगडुगलं. नारायणरावांनी पेपर खाली केला, तिच्याकडं पाहिलं आणि पान उलटलं. राउटर टीव्हीला टेकवून ठेवला तरी पाटी हलेना. मग तिनं स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून स्टिक त्याला जोडली. मालिका झटक्यात सुरू झाली!

म्हणजे स्टिक चांगली होती. वाय-फायही चालू होतं. राउटर फक्त तिच्या टीव्हीलाच आत घेत नव्हता. अनीश चुकला होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. तो खोटं बोलला होता, हे मात्र अजून कळायचं होतं.

गुरुवारी तिनं कृष्णातला बोलावलं. तो पूर्वी तिच्याच खात्यात लाइनमन होता, आता गल्लीतल्या इंटरनेटवाल्याकडं काम बघायचा. त्यानं वायर तपासली, मग आपला लॅपटॉप उघडला.

“मॅडम, लाइन एकदम कडक हाय.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “पण तुमचा टीव्ही बंद केलेल्यांच्या यादीत हाय.”

“कुणी बंद केला?”

“सोमवारी दुपारी दोन वाजून सोळा मिन्टांनी. राउटर कुणाच्या तरी मोबाईलला जोडलाय, तितनं केलंय. अनीश असं नाव दिसतंय.” कृष्णात कानकोंडा झाला. “चिरंजीव न्हवं का?”

चारुशीलानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“अनीश, माझा टीव्ही तू बंद केलास?”

“आई, बाबा सांगत होते, जेवणं उशिरा होतात, तुझे डोळे लाल होतात. म्हटलं, थोडे दिवस बंद ठेवू, तू आपोआप विसरशील.”

“आणि स्टिक जुनी झाली म्हणालास ते?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“बाबा सकाळपासून मोबाईलवर लढाईचे व्हिडिओ बघतात. ते का नाही आले तुझ्या यादीत?”

तिनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कृष्णातनं नजर लॅपटॉपात घातली.

“काल मी स्टुलावर चढले तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं.”

“मी फक्त बोललो होतो गं. बंद कर असं नव्हतो म्हणालो.”

“माहीत होतं की नव्हतं?”

नारायणरावांनी पेपराची घडी घातली. “होतं.”

“पडले असते म्हणजे?”

“मी होतो की इथंच.”

“होतात ना! बसून बघत होतात!”

तिनं टाचणी घेतली आणि राउटरच्या मागच्या रीसेटच्या बारीक भोकात खुपसून धरली. सगळे दिवे विझले, अनीशची यादीही पुसली गेली. कृष्णातनं कंपनीची माहिती पुन्हा भरून दिली. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो न सांगता खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. राउटर आता फक्त चारुशीलाच्या मोबाईलचं ऐकणार होता.

कृष्णात गेल्यावर नारायणरावांचा मोबाईल पासवर्ड मागू लागला.

“किती आहे पासवर्ड?”

“आज नाही मिळायचा.”

“अगं, पण—”

“तीन दिवस मी धडपडत होते, तेव्हा तुम्ही बोललात?”

तिनं मालिका लावली. चित्र स्वच्छ होतं, पण कोण काय बोलतंय ते डोक्यात शिरेना. टीव्ही सुरू झाला की राग जाईल असं तिला वाटलं होतं. तो गेला नाही, उलट वाढला. तिनं टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि बाहेर पडली.

साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत चालत येईतो अनीशचे तीन फोन येऊन गेले. चौथा तिनं उचलला.

“आई, सॉरी.”

“मी काय बघायचं, किती बघायचं, हे कुणी ठरवायचं?”

“तू.”

“रविवारी ये आणि बाबांसमोर बसून हेच म्हण. फोनवर नको.”

“येतो. तू चिडलीयस ना अजून?”

“हो,” चारुशीला म्हणाली, “आणि लगेच शांत हो म्हणून मला सांगू नकोस.”

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत पुढं चालू लागली.