आईचं बरोबर उत्तर

गावच्या दवाखान्यात स्मृतीच्या तपासणीला नर्सने नाव विचारलं, आणि हेरिमच्या आईने भलत्याच बाईचं नाव सांगितलं.

"कांग बुनी," आई म्हणाली. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. आवाज असा खणखणीत, की दारापाशी बसलेल्या म्हाताऱ्याही वळून बघायला लागल्या.

"आणि वय, आजी?"

"एकोणऐंशी."

नर्सने हेरिमकडे पाहिलं. हेरिमने नकारार्थी मान हलवली. कांग जमसून, वय ब्याऐंशी. ते सांगून ती आईकडे वळली. "आई, असं काय करतेस? नीट आठव ना!"

आईने लेकीकडे एकदा पाहिलं आणि मिठाची गुळणी धरली. आज वार कोणता, ऋतू कोणता, शंभरातून सात गेले तर किती, एका प्रश्नाला म्हणून तिने तोंड उघडलं नाही. नर्स बिचारी मऊ आवाजात विचारत राहिली. आई खिडकीबाहेरच्या लसणाच्या शेतांकडे बघत राहिली.

हेरिमला फार नवल वाटलं नाही. आईने दोनदा भांडं करपवलं होतं, एकदा बाजारातून परतताना वाट चुकली होती. आणि असल्या गोष्टी हेरिमला नाही कळायच्या तर कुणाला? देगू शहरात तिचं छोटं प्रकाशन होतं, फक्त बायकांविषयीची पुस्तकं काढणारं. बायकांचा मेंदू म्हातारपणी कसा थकतो यावरचं पुस्तक तिनेच तर ओळ न् ओळ तपासून छापलं होतं. स्वतःचं नाव गेलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं, एवढं ती त्यातून शिकली होती.

डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. हे ऐकून हेरिमचा जीव भांड्यात पडला, हे मात्र तिने कुणालाही सांगितलं नाही. तिचं नवं पुस्तक छापखान्यात जायचं होतं, दर शनिवारी आईच्या गावी, उइसंगला, खेपा घालून ती मेटाकुटीला आली होती. आता निर्णय डॉक्टरांचा होता, तिचा नव्हता. उन्हाळा लागता लागता आई देगूच्या वृद्धाश्रमात गेली आणि गावच्या घराला कुलूप लागलं.

सुगीच्या चुसक सणाला हेरिमकडे मालजामावशी आली, आईची धाकटी बहीण. सोंगप्यॉनचं, तांदळाच्या सारणभरल्या उकडींचं, ताट पुढे घेऊन दोघी बसल्या. "ताईला तिळाची आवडतात, चार बाजूला काढ गं," मावशी म्हणाली.

हेरिमने सुस्कारा टाकला. "मावशी, तिला आता स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. विचारलं तर बुनी म्हणाली."

मावशीने तोंडातला घास गिळला. "मग बरोबरच सांगितलं की!"

"म्हणजे?"

"अगं, जमसून थोरली. गोवराने गेली बिचारी, तीन वर्षांची असताना. बाबांनी ती गेल्याचं सरकारात कळवलंच नाही. मग तुझी आई झाली, तर म्हणाले, नाव आहेच की तिथे, पुन्हा कशाला हेलपाटा? कागदावर जमसून, घरात बुनी. आमच्या गावात अशा कितीतरी पोरी होत्या." मावशी हसली. "तुला कुठून कळणार म्हणा! मी तिला ताई म्हणायची, तुझे बाबा 'ए' म्हणायचे आणि सगळं गाव हेरिमची आई म्हणायचं."

हेरिमच्या हातातलं सोंगप्यॉन हातातच राहिलं. इतिहासाने विसरलेल्या बायकांवरचं पुस्तक तिने स्वतः लिहिलं होतं. घराण्याच्या वंशावळीत लेकीच्या जागी जावयाचं नाव घालायचे, त्यावर त्यात अख्खं प्रकरण होतं. प्रकाशनाच्या दिवशी ती माइकवरून म्हणाली होती, "तुमचं खरं नाव मोठ्याने सांगा. विचारणारा कुणीही असो." टाळ्यांचा कडकडाट झाला होता. पहिल्या रांगेत आई बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर.

आईने लेकीचं ऐकलं होतं. कुणीतरी विचारायची वाट बघत होती ती. आणि विचारल्यावर लेकीनेच चारचौघांत मान हलवली होती. हेरिमला स्वतःची इतकी शरम वाटली, की तिला मावशीकडे बघवेना.

तिने तिळाची सोंगप्यॉन डब्यात भरली आणि तडक वृद्धाश्रम गाठला. आई पलंगाच्या कडेला बसली होती. लेक दिसताच ती लगबगीने सावरून बसली आणि हेरिमने काही बोलायच्या आत तिने सुरू केलं.

"कांग जमसून. ब्याऐंशी. आज मंगळवार. ऋतू शरद. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, मग शहाऐंशी." दम घेऊन तिने लेकीचा हात धरला. "रोज पाठ करते बघ. आता एकही चुकत नाही. आता नेशील ना घरी? लसूण लावायचे दिवस आलेत."

हेरिम तिच्या पायाशी बसली. डबा खाली राहिला. "बुनी," ती रडत म्हणाली. "आई, तू कांग बुनी आहेस. तू बरोबर होतीस गं, माझंच चुकलं. चल, आत्ताच घरी जाऊ आपण."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दाराकडे पाहिलं आणि घाईघाईने लेकीच्या तोंडावर हात दाबला.

"गप, गप! कुणी ऐकेल ना. पुन्हा चूक धरतील माझी."

त्या हाताला आता लसणाचा वास राहिला नव्हता.