जवसाचं तेल

नत्थू मिस्त्रीला मशीन दाखवली नाही, तर प्रेमदासचे दोन रुपये वाचणार होते. शिवाय बायकोपुढे मान ताठ होणार होती, ती वेगळीच. कमलाची हातमशीन जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. दसरा दहा दिवसांवर आला आणि ती कुरकुरायला लागली. त्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा होती, पांढरं घालूनच जायचं होतं. नाचणगावच्या वस्तीतले एकोणीस जण पांढरे सदरे शिवायला टाकून गेले होते, आणि शनिवारी सकाळी सगळ्यांना पुलगावहून गाडी धरायची होती.

प्रेमदास सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलायचा. जिन अजून सुरू व्हायची होती, हात रिकामे होते. तिथल्या फिटरला चार हंगाम चाकं खोलताना पाहिलं, म्हणजे आपल्यालाही ते येतं, असा त्याचा समज. समजाला पैसे पडत नाहीत, म्हणून माणूस तो भरपूर बाळगतो.

त्यानं मशीन खोलली, स्क्रू थाळीत ओळीनं मांडले, चिंधीनं सगळं पुसलं आणि तेलासाठी बाजारात न जाता चुलीजवळची बाटली उचलली. जवसाचं तेल. दरसाल मालकाच्या बैलबंडीच्या लाकडाला तो हेच चोपडायचा. लाकूड कसं चकचकीत व्हायचं.

दोन दिवस मशीन झुळझुळ चालली. कमलाच्या हातून चहात गूळ जरा जास्त पडला. प्रेमदासनं तो आपल्या कौतुकात धरला.

तिसऱ्या दिवशी चाक जड झालं. कमला पाण्याला गेली की तो गुपचूप आणखी तेल सोडायचा, आणि जितकं सोडावं तितकं चाक जड. सकाळी उठल्याउठल्या तो आधी चाकाला हात लावून पाहायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. शेजारची तानाबाई दिवसातून तीनदा पोराच्या सदऱ्याची चौकशी करून जायची. तिची चाहूल लागली की तो सरपण फोडायला बाहेर निघायचा. बुधवारी दुपारी चाक अडकलं ते अडकलंच. सहा सदरे कापून पडले होते.

"लोकायचं कापड हाय," कमला हळू म्हणाली. "कापलेलं वापस देता येत नाई. काय टाकलं व्हतं तुमी?"

"तेल."

कोणतं, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

मशीन डोक्यावर घेऊन तो पुलगावला नत्थूच्या दुकानात गेला. बाजारातलंच तेल टाकलं म्हणायचं, असं त्यानं वाटेत पक्कं केलं होतं. नत्थूनं आत बोट फिरवलं आणि वास घेतला.

"मशीन शिवाले व्हती का भजे तळाले?"

प्रेमदास उगाच चाक पुसायला लागला.

"जवस वाळते रे बाबू, म्हणून तर लाकडाले चोपडतेत. लोखंडात ते डिंकावानी बसते. तू रोज डिंक टाकून राह्यला व्हता."

प्रेमदासनं दोन रुपये काढले. नत्थूनं घेतले नाहीत. त्या सहा सदऱ्यांत एक त्याचाही होता. त्याला तो सगळ्यांच्या आधी हवा होता, आणि शिलाई न देता. वर मशीन धुवायचं घासलेट प्रेमदासनंच आणायचं.

घरात दिव्यापुरती एकच बाटली होती, ती सगळी मशीनला गेली. गुरुवारचा अख्खा दिवस नत्थूकडे मशीनचे भाग घासलेटात भिजत पडले आणि प्रेमदास शेजारी उकिडवा बसून राहिला. शुक्रवारी सकाळी मशीन घरी आली, चाक फिरलं. पण दिव्याला घासलेट उरलं नव्हतं, दुकानातलंही संपलं होतं, म्हणजे उजेड असेपर्यंतच काम. कमला जेवायलाही उठली नाही. आधी नत्थूचा सदरा, मग तानाबाईच्या पोराचा, मग बाकीचे. दिवस कलला तेव्हा दोन कापडं उरली होती आणि उजेड एकापुरताच: प्रेमदासचा सदरा आणि तिचं स्वतःचं पांढरं पोलकं.

"तुह्यं शिव," प्रेमदास म्हणाला. "मी जुना घालतो." मग म्हणाला, "जवसाचं टाकलं व्हतं म्या."

"भाजीले तेल पुरलं नाई, तवाच समजलं मले," कमला म्हणाली. "तुमचा जुना खाकी हाय. बसा चूप, अन् दोरा ओवून द्या."

शनिवारी पुलगावच्या फलाटावर सगळे पांढरेशुभ्र. कमलाच्या पांढऱ्या लुगड्याखालून तेवढी जुन्या पोलक्याची हिरवी बाही दिसत होती. ती पदर ओढून घेई, तो घसरे. तानाबाईची नजर तिकडे गेली, तसा प्रेमदास सरकून बायकोच्या त्या बाजूला उभा राहिला.

त्याच्या नव्या सदऱ्याच्या खिशात दोन रुपये तसेच होते. नत्थूची शिलाई, घासलेटची बाटली, भाजीचं तेल आणि ते पोलकं, एवढं सगळं कमलानं भरलं.