खिडकीतली डबी आणि मी

मित्रांनो, मी एक जुने डायलिसिसचे यंत्र आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका बंदरगावी, समुद्रात सापळे टाकून लॉबस्टर, म्हणजे शेवंडे, पकडणाऱ्या ऑर्लंड पिंकहॅमच्या घरी माझी चार वर्षे गेली. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून चारदा त्याचे रक्त माझ्यातून फिरून स्वच्छ होई. एवढी जवळीक त्याच्या बायकोला, थेल्मालाही लाभली नव्हती, असा माझा तोरा होता.

तरी तो मला 'ठोकळा' म्हणे. त्याचा जीव खिडकीतल्या एका पत्र्याच्या डबीवर. तिच्यात गांजा असे. माझे काम संपले की त्याच्या पायांत गोळे येत, पोटात ढवळे. मग तो डबी उघडून दोन झुरके घेई आणि वाटीभर माशाचे सूप आवडीने खाई. जगवायचे मी आणि कौतुक डबीचे! माझा नुसता जळफळाट होई.

नवे मूत्रपिंड मिळावे म्हणून तो शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेला. कोणती औषधे घेता, असे विचारताच त्याने औषध म्हणून गांजा घ्यायला परवानगी देणारे राज्य सरकारचे कार्ड ऐटीत पुढे केले. समुद्रावर निरीक्षक आला की परवाना दाखवून मोकळे व्हायचे, ही त्याची जन्माची सवय. पण राज्याला चालणारी गोष्ट इस्पितळाला चालत नव्हती. नवे मूत्रपिंड बसवल्यावर प्रतिकारशक्ती औषधांनी कमी ठेवावी लागते, तेव्हा गांजाच्या धुरातून बुरशी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, असे सांगून त्यांनी त्याचे नाव मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत घातले नाही. सहा महिने दरमहा तपासणी होणार होती. एकदा जरी गांजाचा अंश सापडला, तर यादी कायमची बंद.

डबी थेल्माच्या कपाटात गेली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

चार तपासण्या पार पडल्या. ऑर्लंडचे खाणे मात्र सुटले. पाचव्या महिन्यात एका दुपारी तो कळवळून म्हणाला, "थेल्मा, आण ती डबी. नको मला मूत्रपिंड."

थेल्मा डबी घेऊन आली. मित्रांनो, खरे सांगते, ती उघडावी असे मला मनापासून वाटले. उघडली असती, तर ऑर्लंड मरेपर्यंत माझाच राहिला असता.

थेल्माने डबी मांडीवर ठेवली. "देते. पण चार तासांचं काम तू अडीच तासांत उरकतोस, ते का? हा ठोकळा घाईघाईनं अंगातलं पाणी ओढतो, म्हणून तर गोळे येतात."

"धक्क्यावर जायला नको? तिथे लोक माझ्याऐवजी माझे सापळे ओढतायत, नि मी इथे लोळत पडू?"

"पड. कुणी विचारलं तर सांगेन, नवरा लोळतोय म्हणून."

तिने परिचारिकेला फोन करून माझा वेग कमी करून घेतला. त्या दिवसापासून गोळे थांबत गेले आणि डबी बंदच राहिली. दुखणे माझ्याच घाईचे होते, हे कळून मी ओशाळले.

पाचवी आणि सहावी तपासणीही पार पडली, आणि त्याचे नाव यादीत लागले. पुढच्या वसंतात, तो जेवत असताना मूत्रपिंड मिळाल्याचा इस्पितळाचा फोन आला, आणि तो अर्धे ताट टाकून निघाला.

आता मी शेडमध्ये, त्याच्या सापळ्यांशेजारी आहे. डबी मात्र पुन्हा खिडकीत आहे. धुऊन पुसून तिच्यात नवे मूत्रपिंड टिकवणाऱ्या औषधाच्या गोळ्या ठेवल्या आहेत. दिवसातून दोनदा तो तिला हातात घेतो. मला अजूनही तिचा हेवा वाटतो.

उद्या मला दुसऱ्या रुग्णाकडे नेणार आहेत. मित्रांनो, त्याला माझा एवढा निरोप द्या. माझ्याजवळ चार तास स्वस्थ बसत जा, मला घाई करायला लावू नकोस. आणि जमलेच तर खिडकीत डबी ठेवू नकोस.