सुलेखाताईंची डावी सर्व्हिस

येरान लिंडेलच्या सहीसाठी आयर्लंडमधल्या लिमरिकच्या त्या हॉलमध्ये एवढी रांग असेल, असं रेवतीला वाटलं नव्हतं. स्वीडनच्या या माणसाला टेबल टेनिस सोडून वीस वर्षं झाली होती. तरी युनिव्हर्सिटीतली चिनी मुलं तासभर आधीपासून उभी होती.

"त्यांच्याच खेळाडूंना हरवायचा, तरी त्यांनी त्याला आपला मानला," सुलेखाताई म्हणाल्या. "चीनमध्ये तो जेवायला बसला की हॉटेलबाहेर गर्दी जमायची."

सुलेखाताई म्हणजे रेवतीची आई. सांगलीत तीस वर्षं पोरांना टेबल टेनिस शिकवलं, आणि आता दोन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. सामानातून त्यांनी आपली बॅटही आणलीय, हे रेवतीला आज सकाळीच कळलं.

त्यांचा नंबर आला. लिंडेलने पेन उघडलं.

"त्याला सांग, सही नको. त्याची सर्व्हिस त्याला करून दाखवायचीय."

"आई, मागे लोक थांबलेत गं."

"तू सांग तर खरी."

रेवतीने संकोचत सांगितलं. लिंडेलने पेनाला टोपण लावलं आणि शेजारच्या टेबलाकडे हात केला.

सुलेखाताईंनी ओढणी कमरेला बांधली, चेंडू उंच उडवला आणि डाव्या हाताने मारला. पलीकडे टप्पा पडताच तो असा वळला, की समोर उभ्या राहिलेल्या चिनी मुलीची बॅट नुसतीच हवेत फिरली. रांगेतून टाळ्या आल्या.

लिंडेल मात्र हसला नाही. "पुन्हा," म्हणाला. तीनदा बघून तो रेवतीकडे वळला. "ही माझीच सर्व्हिस आहे. पण मी तर उजवा. यांना डाव्या हाताने कुणी शिकवली?"

"कोण शिकवणार?" सुलेखाताई म्हणाल्या. "तुझ्या जन्माआधीची गोष्ट. एकाने ह्याच्या मॅचची कॅसेट आणली. मी डावखुरी, बघून काही जमेना. मग टीव्हीसमोर आरसा ठेवला, टीव्हीकडे पाठ केली आणि आरशात बघून शिकले. तुझे बाबा म्हणायचे, बायको भिंतीकडे तोंड करून मॅच बघते! त्याच सर्व्हिसवर स्टेट जिंकले."

शोकेसमधला तो कप रेवती लहानपणापासून पुसत आली होती. आईला तो कसा मिळाला, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने ते सगळं लिंडेलला इंग्रजीत सांगितलं.

लिंडेलने उजवा खांदा चाचपला. "ऑपरेशन झाल्यापासून मला ती येत नाही. लोक अजून तीच बघायला येतात, आणि मी सह्या देतो." मग त्याने डावा हात पुढे केला. "मला शिकवाल?"

सुलेखाताईंनी त्या हातात स्वतःची बॅट दिली. पहिला चेंडू जाळीत गेला, दुसरा जमिनीवर.

"मनगट सैल सोड की रे!" सांगलीतल्या पोरांवर ओरडावं तशा त्या ओरडल्या.

रेवतीने भाषांतरासाठी तोंड उघडलं, पण लिंडेलचं मनगट तोवर सैल झालं होतं.

तो तिथे आणखी चार दिवस होता. चारही दिवस रेवती ऑफिसमधून लवकर निघून आईला हॉलवर घेऊन गेली. शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर डाव्या हाताने पाच सर्व्हिस केल्या. दोन साधल्या, तीन जाळीत गेल्या. टाळ्या थांबल्यावर त्याने माइकवर आपल्या कोचचं नाव सांगितलं. उच्चार पार चुकला, म्हणून पुन्हा सांगितलं.