तेफिकच्या घराचा पाया

मी सळ्या बांधतो, चाळीस वर्षं झाली. आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांच्या पायात माझ्या हातची तार आहे. त्यातल्या एकाच पायाची मला लाज वाटते, आणि तो माझ्या दोस्ताचा, तेफिकचा.

पाया सोमवारी भरायचा, असं त्यानं ठरवलं होतं. बळीचा मेंढा आणलेला, पाहुणे जमलेले, राकीच्या बाटल्या उघडलेल्या. आदल्या दिवशी पाऊस झाला आणि माझी सळ्यांची जाळी चरातल्या चिखलात बसली. आमची जमीन खारी. लोखंड मातीला टेकलं की गंजून संपलंच. खाली दगडाचे तुकडे सारून ते चार बोटं उचलावं लागतं, तरच काँक्रीट खालून शिरतं.

"अर्धा दिवस दे," मी म्हटलं.

"म्हणजे उद्यावर गेलं! उद्या मंगळवार. मंगळवारी कुणी पाया भरतं का, शहाण्या? ओत आता, लोक ताटकळलेत."

मी ओतलं. चूक माझीच, दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ? मेंढ्याचं रक्त पायावर सांडलं, सगळ्यांनी घराला आशीर्वाद दिले, मीही दिले.

दोन मजले झाले. गच्चीवर सळ्या उभ्या सोडल्या, मुलाच्या मजल्यासाठी. आमच्याकडे सगळेच सोडतात. तो मुलगा, ब्लेदार, इटलीला गेला आणि पंचवीस वर्षांनी बायको आणि दोन लहान मुली घेऊन परत आला.

"नेबीकाका, बाबांचं लोखंड तुम्ही बांधलंत, माझंही तुम्हीच बांधा," तो जेवताना म्हणाला.

मी हातातला घास ताटात ठेवला. "आधी एक कोपरा खणू या," मी म्हटलं. "खालची जाळी मातीवर पडली आहे, ब्लेदार. आतापर्यंत गंजून तिचा भुगा झाला असेल. तिसरा मजला पेलायचा नाही तिला. आणि धरणीकंप झाला तर विचारूच नकोस."

ब्लेदारनं बापाकडे पाहिलं. तेफिकचा चेहरा उतरला. पोरगा पुन्हा निघून जाईल ही एकच भीती त्यावर होती, आणि ती मला स्वच्छ दिसली.

"याचं काय ऐकतोस? दगड घातले होते. मी स्वतः उभा होतो तिथं."

"बाबा, बेसा?"

"बेसा," तेफिकनं छातीवर हात ठेवला.

झालं! बेसा म्हणजे दिलेला शब्द, तो मोडला तर माणूस मेल्यात जमा. बापानं तो दिल्यावर पाया खणायचा म्हणजे बापाच्या तोंडावर थुंकायचं. आमच्यात ते कुणी करत नाही. मी टोपी उचलली आणि चालता झालो. लोखंड दुसऱ्यानं बांधलं. मजला चढला, घराभोवती महागडी फरशीही बसली.

मग तेफिकची झोप उडाली. नातींना सकाळी द्राक्षाच्या मांडवाखाली नेऊन बसवायचा, संध्याकाळपर्यंत घरात जाऊ द्यायचा नाही. थंडीत त्यांची अंथरुणं ट्रॅक्टरच्या शेडमध्ये घालायला निघाला. सून चिडली, डॉक्टरांना दाखवलं, ते वय झालंय म्हणाले.

फेब्रुवारीत तो सपाता घालूनच माझ्या दारात आला. "नेबी, चल. सांगून टाकू."

आम्ही गेलो. दुपारची जेवणं नुकती आटोपली होती.

"पोरा, मी खोटं बोललो," तेफिक म्हणाला. "दगड नव्हते. तू परत जाशील म्हणून बोललो रे." आणि म्हातारा ढसाढसा रडला.

"खरं सांगतोय तो," मी म्हटलं. "फरशी उचल. मी खणतो, आत्ता."

ब्लेदार बापाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. लहान मुलाला थोपटावं तसा.

"काका, ते आजारी आहेत. काल म्हणत होते, जिन्याखाली पाणी शिरलंय, तिथं तर काहीच नव्हतं. तुम्ही तरी त्यांना भरीला घालू नका."

"अरे गाढवा, तो शुद्धीवर आहे!"

"बेसा दिला तेव्हा शुद्धीवर होते," ब्लेदार म्हणाला. "मी तोच धरून चालणार. म्हातारपणी बाबांना खोटं पाडू?"



सुनेनं मुलींना दुपारच्या झोपेसाठी हाक मारली. त्यांनी आजोबाचा मुका घेतला आणि वर निघाल्या. तेफिकनं धाकटीचा फ्रॉक मुठीत गच्च धरला. सुनेनं त्याची बोटं एकेक करून, न रागावता, सोडवली.